विजेचा रोध मोजणारा शिक्षक

विज्ञानाच्या पुस्तकात ओहमचा नियम एका ओळीत संपतो. तो पाठ करावयास पाच मिनिटेही पुरतात. परंतु ती ओळ सिद्ध करण्यासाठी एका शाळाशिक्षकाने आपली उमेदीची वर्षे आणि अखेर आपली नोकरीही खर्ची घातली, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणून त्याची जीवनकथा येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गेऑर्ग ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एरलांगेन या गावी झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर होते. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते; तथापि स्वतःच्या प्रयत्नाने त्यांनी गणित आत्मसात केले होते आणि मुलांचे ते पहिले गुरू झाले. गेऑर्ग दहा वर्षांचा असतानाच आई निवर्तली. १८०५ साली तो विद्यापीठात दाखल झाला खरा. पण नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरून घसरण्याचा खेळ यांतच त्याचे मन रमले. संतापलेल्या पित्याने त्याला विद्यापीठातून काढले. कोवळ्या वयातच तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. तेथे मात्र त्याला विद्येची खरी गोडी लागली. १८११ साली गावी परतून त्याने डॉक्टरेट मिळविली. पुढे काही वर्षे अपुऱ्या वेतनात काढल्यावर १८१७ साली कोलोन येथील शाळेत त्याला जागा मिळाली. त्या शाळेत पदार्थविज्ञानाची चांगली प्रयोगशाळा होती. पित्याच्या हाताचे कसब मुलाच्या हातीही उतरले होते. लागणारी उपकरणे तो स्वतः घडवू लागला.

व्होल्टाने १८०० साली विद्युत्‌घट निर्माण केला होता. तारेतून वीज वाहते, एवढे सर्वांस ठाऊक होते; पण तार लांब केली तर प्रवाह किती घटतो, याचे गणित कोणी मांडले नव्हते. ओहमने ते १८२५ साली प्रसिद्ध केले, आणि ते चुकले! त्याचा घट काम करता करता दुबळा होत असे. मग प्रवाह घटला तो तारेमुळे की घटामुळे, हे कळावे कसे?

दुसरा एखादा छापलेल्या शब्दाला चिकटून बसला असता. ओहमने प्रयोग पुन्हा आरंभिला. घटाऐवजी त्याने तांबे व बिस्मथ यांचे तपयुग्म घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. ही दोन्ही तापमाने ढळत नाहीत, म्हणून विजेचा जोरही ढळत नाही. मग सारख्याच जाडीच्या, परंतु २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या आठ तारा त्याने एकामागून एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने प्रत्येक वेळचा प्रवाह मोजला. १८२६ साली उत्तर हाती आले: विजेच्या जोराला मंडलातील एकूण रोधाने भागले असता प्रवाह मिळतो.

अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेऊन त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. तो १८२७ साली बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. विद्यापीठात अध्यापकपद मिळेल अशी त्याची आशा होती. पदरी मात्र उपेक्षा आली. निराश होऊन १८२८ साली त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवणीवर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे त्याला पुन्हा स्थैर्य लाभले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला. म्यूनिक विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद त्याला १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. आणि ६ जुलै १८५४ रोजी त्याचे देहावसान झाले. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्‌परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले.

या नियमाचा उपयोग आपल्या घरातच पाहावा. २३० व्होल्ट दाबावर इस्त्री ४ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर २३० ला ४ ने भागून तिचा रोध ५७.५ ओहम निघतो, आणि २३० ला ४ ने गुणून शक्ती ९२० वॅट येते. आता इचोड्याच्या शिवारात चला. खांबापासून विहिरीवरील पंपापर्यंत कोणी बारीक तार ओढली आणि जाण्यायेण्याच्या मार्गाचा मिळून तिचा रोध २ ओहम भरला, तर १० अँपिअर प्रवाहाला २० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २० ला १० ने गुणिले की २०० वॅट! एवढी शक्ती पाणी न उपसता केवळ तार तापविण्यात जाते, आणि पंपाला दाबही कमी मिळतो. तार जाड का हवी, सांधा घट्ट का हवा, हे या दोन ओळींच्या गणितात आहे.

प्रयोगवहीत एखादा आकडा आलेखावर बसेना, की तो हळूच बदलावा असा मोह आमच्या मुलांना होतो. अशा वेळी त्यांनी कोलोनच्या त्या शिक्षकाचे स्मरण करावे. आकडा खोडू नये. घट तपासावा, सांधे तपासावेत आणि पुन्हा मोजावे. ओहमने तेच केले, म्हणूनच आज त्याचे नाव घेतल्यावाचून जगात कोणालाही तारेचा रोध सांगता येत नाही.