बंदी घातलेल्या आडनावाचा वारस : रॉब रॉय

कायद्याने आडनावच हिरावून घेतले, तर माणसाने सही कोणत्या नावाने करावी? स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील मॅकग्रेगर घराण्यापुढे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष रॉब रॉय याचे आयुष्यही त्याच सावटाखाली गेले.

गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे पुत्र. ग्रेगरचे वंशज ते मॅकग्रेगर. बलाढ्य कॅम्बेल सरदारांनी त्यांच्या जमिनी हळूहळू गिळंकृत केल्या. निराधार झालेल्या मॅकग्रेगरांपैकी अनेकांनी लूटमार आणि गुरे पळविण्याचा मार्ग धरला. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कहून घराण्याच्या लोकांची मोठी कत्तल केली. संतप्त झालेल्या सहाव्या जेम्सच्या राजवटीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये हे आडनाव लावण्यासच मनाई केली. ते न सोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती. पुढल्या वर्षी घराण्याचा प्रमुख अलास्डेर एडिंबरोत फासावर गेला. इतरांनी मरे, ड्रमंड, ग्रॅहम अशी आडनावे घेऊन जीव वाचवला.

दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली. या मोकळिकीच्या काळात, १६७१ मध्ये, कॅट्रिन सरोवराच्या काठी ग्लेनगाइल येथे रॉबचा जन्म झाला. तांबड्या केसांमुळे त्याला 'रॉय' म्हणत. मात्र १६९३ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. बावीस वर्षांच्या रॉबने आईच्या माहेरचे आडनाव स्वीकारले. ते होते कॅम्बेल!

रॉब गुरांचा व्यापार करी. गुरांच्या रक्षणाबद्दल तो मोबदलाही घेई. त्या खंडणीला तिकडे 'ब्लॅकमेल' म्हणत. माँट्रोजच्या ड्यूकने व्यापारात गुंतविलेली रक्कम बुडाली आणि १७१२ च्या सुमारास रॉब दिवाळखोर व फरारी ठरला. त्याची मालमत्ता जप्त झाली. पुढे १७१५ आणि १७१९ च्या जॅकोबाइट उठावांत तो राजसत्तेविरुद्ध उतरला. अखेर १७२५ मध्ये जनरल वेडपुढे शरण जाऊन त्याने माफी मिळवली. २८ डिसेंबर १७३४ रोजी बाल्व्हिडर परिसरात त्याचा मृत्यू झाला.

वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने १८१७ च्या अखेरीस त्याचे नाव जगभर नेले. आडनावावरील बंदी मात्र त्याआधी, १७७४ मध्ये, कायमची उठली होती. रॉबच्या मृत्यूला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. बाल्व्हिडरच्या चर्चच्या आवारातील त्याच्या समाधीवर आज मॅकग्रेगर हेच आडनाव कोरलेले आहे.