म्हाइंभटांचे पांडित्य आणि लीळास्मरण

सराळे येथील म्हाइंभट हे तेराव्या शतकातील व्युत्पन्न शास्त्री. गणपती आपयो हे त्यांचे गुरू असून प्रभाकर मीमांसेत ते स्वतः पारंगत होते. विद्येच्या अभिमानाने ते श्रीचक्रधर प्रभूंशी वाद करण्यास आले आणि निरुत्तर झाले. तथापि वादात निरुत्तर होणे म्हणजे श्रद्धा लाभणे नव्हे. ती पुढे असन्निधानाच्या काळात कसास लागली.

इ. स. 1274 च्या सुमारास प्रभूंनी उत्तरापंथे गमन केले. भक्तपरिवार पोरका झाला. स्वतः नागदेवाचार्य विरहाने विकल झाले. देह अनित्य आणि परमेश्वर नित्य हा सिद्धांत सर्वांस अवगत होता. परंतु सिद्धांत जाणल्याने विरहदुःख शमत नाही. ऋद्धिपूर परिसरात आचार्य एकांती प्रभूंच्या लीळांचे स्मरण करीत. त्या स्मरणावरच ते जीव धरून आहेत, हे म्हाइंभटांच्या ध्यानी आले व त्यांनी लीळा लिहून ठेवण्याचा संकल्प आचार्यांपुढे मांडला.

येथे त्यांचे पांडित्य सार्थकी लागले. गावोगाव हिंडून ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांनी मिळविले आणि आचार्यांकडून पडताळून घेतले. वादात प्रतिपक्ष खोडणारी बुद्धी आता लीळेतील शब्दन् शब्द पारखू लागली. शके 1200 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले.

पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली. तेव्हा भक्तांच्या स्मरणातूनच तिचे पाठ पुन्हा सिद्ध झाले. म्हाइंभटांनी चिकित्सेने पारखलेल्या लीळा आपत्काळी श्रद्धेनेच राखल्या.