सेमोर पॅपर्ट : मुलांना कोडिंगचा अड्डा देणारे गणितज्ञ

शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला स्क्रीनवरचं कासव चालवलंय? ‘फॉरवर्ड १००, राइट ९०’ हे चार वेळा दिलं की चौकोन तयार! त्या भाषेचं नाव लोगो. ती घडवणाऱ्यांमधलं मोठं नाव म्हणजे सेमोर पॅपर्ट.

पॅपर्ट यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९२८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात झाला. लहानपणी त्यांना गाड्यांच्या गिअरचं भारी वेड. पुढे शाळेत समीकरणं आली, तेव्हा त्यांनी ती डोक्यात गिअर फिरवूनच समजून घेतली. आवडीची वस्तू हाताशी असली की अवघड गोष्टही सोपी होते, हे त्यांना तिथेच उमगलं.

तो काळ वर्णभेदाचा. घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांसाठी रात्रीचे वर्ग काढायला गेले, म्हणून शाळकरी वयातच ते अडचणीत आले. शिकण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न मग आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिला.

गणितात डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्याबरोबर काम केलं. मुलं ज्ञान स्वतः रचत शिकतात, हे तिथे पक्कं झालं. मग ते अमेरिकेत एमआयटीला आले. १९६७ साली वॉली फ्युर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी लोगो तयार केली. तेव्हा कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे आणि ते लहान मुलांच्या हाती द्यायचे, ही कल्पनाच लोकांना वेडेपणाची वाटायची. पॅपर्ट यांचा हट्ट मात्र साधा होता : मुलांनी मशीनचं ऐकायचं नाही, मशीनला शिकवायचं. कासव चुकीकडे वळलं? मग मार्क कापायचे नाहीत, चूक शोधून पुन्हा चालवायचं. यालाच आपण आज डिबगिंग म्हणतो.

१९८० साली आलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी ब्राझीलच्या सांबा नृत्यशाळांबद्दल लिहिलं. तिथे लहान-मोठे, नवखे-मुरलेले सगळे एकत्र येऊन नाच बसवतात. साधारण आपल्या ढोल-ताशा पथकासारखंच. कोडिंगही असंच शिकता यावं, असं त्यांना वाटायचं.

हाच विचार घेऊन त्यांचे सहकारी मिचेल रेझनिक आणि नॅटली रस्क यांनी १९९३ मध्ये बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ सुरू केलं. निमित्तही मजेशीर. त्याआधी तिथे लेगो-लोगोची एक कार्यशाळा झाली होती. ती संपली, तरी काही मुलं परत परत येत राहिली! घरी कॉम्प्युटर नसलेल्या मुलांसाठी हे क्लबहाउस फुकट होतं. परीक्षा नाही, ठरलेला धडा नाही. गेम, संगीत, रोबो, जे आवडेल ते बनवायचं. अडलं तर शेजारच्याला विचारायचं. अशी क्लबहाउस पुढे अनेक देशांत निघाली. २००७ साली आलेलं स्क्रॅचही याच मुलांसोबत वापरून बघत घडलं.

डिसेंबर २००६ मध्ये हनोईत रस्ता ओलांडताना मोटरसायकलची धडक बसून पॅपर्ट यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. ३१ जुलै २०१६ रोजी ते गेले.

आज खोलीभर कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी ताकदवान फोन आपल्या खिशात असतो. पण आपण त्याला चालवतो, की तो आपल्याला? स्क्रॅच फुकट आहे. सोसायटीतली चार पोरं आणि एक जुना लॅपटॉप, एवढ्यावर तुमचाही क्लब सुरू होऊ शकतो.