डिस्क ९५ टक्के, तरी लॅपटॉप का अडकतो? रांगेचं गणित मांडणाऱ्या एर्लांगची गोष्ट



विंडोज लॅपटॉप स्लो झाला की आपल्यापैकी बरेच जण टास्क मॅनेजर उघडतात. सीपीयू १५ टक्के, रॅम अर्धी मोकळी आणि डिस्कसमोर मात्र ९५ टक्के. मग दोन प्रश्न पडतात. अजून ५ टक्के शिल्लक आहेत ना, मग साधं फोल्डर उघडायला एवढा वेळ का? आणि आता नवा लॅपटॉप घ्यावा लागणार का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाच्या गणितातून मिळतं, त्याने कॉम्प्युटर कधी पाहिलाच नाही. तो १९२९ मध्येच गेला. त्याचं काम होतं टेलिफोनच्या तारा मोजण्याचं. नाव आग्नेर क्रारुप एर्लांग. टेलिकॉम इंजिनिअर आणि प्रोग्रामर यांच्यात हे नाव रोज घेतलं जातं, पण माणूस कसा होता हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज मी त्याची गोष्ट सांगतो. शेवटी तुमच्या लॅपटॉपकडे आणि फोनकडेही येऊच.

मास्तरांचा मुलगा

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कमधल्या जटलंड भागातल्या लोनबॉर्ग या गावातला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चचं कारकुनी कामही बघायचे. लहानपणी आग्नेर आणि त्याचा भाऊ संध्याकाळी एकच पुस्तक एकत्र वाचायचे. भाऊ सरळ बाजूने वाचायचा आणि आग्नेर टेबलाच्या पलीकडे बसून तेच पान उलटं वाचायचा! आकाशातल्या ताऱ्यांचंही त्याला भारी वेड होतं. त्यावर तो कविता करायचा.

वयाच्या चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला परीक्षेला बसला. वय कमी पडत होतं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. तो चांगल्या मार्कांनी पास झाला, गावी परतला आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवू लागला. १८९६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून कोपनहेगन विद्यापीठात गेला. १९०१ मध्ये त्याने गणितात एमए केलं, सोबत खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय होते.

त्यानंतर काही वर्षं तो वेगवेगळ्या शाळांत शिक्षक होता. गणिताचं वेड मात्र सुटलं नव्हतं. डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांना तो नेमाने जायचा. तिथे त्याची ओळख योहान येन्सेन यांच्याशी झाली. गणितात येन्सेनची असमानता शिकवतात ना, तेच हे येन्सेन. पण पोट भरायला ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते. त्यांच्या ओळखीतून १९०८ मध्ये एर्लांग या कंपनीत लागला आणि पुढे तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

प्रश्न साधा, पण पैशांचा

तेव्हा फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगायचं. ऑपरेटर हाताने तार जोडून द्यायची. दोन एक्स्चेंजमध्ये ठरावीक तारा टाकलेल्या असायच्या. सगळ्या तारा गुंतल्या असतील तर तुमचा फोन लागायचा नाही.

कंपनीसमोरचा प्रश्न असा होता: तारा किती टाकायच्या आणि ऑपरेटर किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर ग्राहक वैतागतो. जास्त ठेवल्या तर तांबं आणि पगार दोन्ही वाया जातात.

साधा हिशोब करून बघू. एका तासात ३० जण फोन करतात आणि प्रत्येक जण सरासरी २ मिनिटं बोलतो. एकूण ६० मिनिटं. तासात मिनिटंही ६०. म्हणजे एक तार पुरेल, बरोबर?

नाही पुरणार. कारण माणसं ठरवून एकापाठोपाठ एक फोन करत नाहीत. कधी दहा मिनिटं कुणीच नाही, तर कधी एकाच मिनिटात चौघं. रिकामी गेलेली दहा मिनिटं नंतर वापरायला साठवून ठेवता येत नाहीत.

१९०९ मध्ये एर्लांगने आपला पहिला महत्त्वाचा लेख छापला. लोक एकमेकांना न विचारता, आपापल्या मनाने फोन करत असतील तर कॉल येण्याची पद्धत पॉइसनच्या नियमाप्रमाणे चालते, हे त्याने दाखवलं. म्हणजे पुढचा कॉल नेमका कधी येईल हे सांगता येत नाही, पण एका मिनिटात शून्य, एक, दोन किंवा पाच कॉल येण्याची शक्यता किती हे मात्र काढता येतं.

१९१७ मध्ये त्याचं सर्वात गाजलेलं काम आलं. त्यात दोन सूत्रं होती. तार रिकामी नसेल तर कॉल सरळ तुटतो, अशा वेळी किती कॉल वाया जातील, हे पहिलं सूत्र सांगतं. कॉल तुटत नाही, रांगेत थांबतो, अशा वेळी थांबावं लागण्याची शक्यता किती, हे दुसरं.

आता वरच्या ३० कॉलचं उत्तर पहिल्या सूत्राने काढू. तार एकच असेल तर निम्मे कॉल वाया जातात. दोन तारांवर १०० पैकी २० कॉल वाया जातात, तीन तारांवर सुमारे ६ आणि पाच तारांवर १००० पैकी फक्त ३. सरासरी हिशोबाने एकच तार पुरत होती. चांगली सेवा द्यायला प्रत्यक्षात पाच लागल्या.

ब्रिटनच्या पोस्ट खात्याने, म्हणजे तिथल्या टेलिफोन यंत्रणेने, हे सूत्र आपल्या एक्स्चेंजसाठी स्वीकारलं.

तुमची डिस्क म्हणजे एक तारच

आता लॅपटॉपकडे येऊ. डिस्क ही एका तारेसारखी समजा आणि तिच्याकडे येणारी कामं म्हणजे कॉल. ब्राउझर कॅश लिहितोय, अँटिव्हायरस फाइल तपासतोय, विंडोज अपडेट उतरवतंय आणि त्यातच तुम्ही फोल्डर उघडताय. यातलं कुणीही दुसऱ्याला विचारून येत नाही.

समजा तुमच्याकडे जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि एका कामाला तिला सरासरी १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १०० कामं. एर्लांगच्या गणिताचं सर्वात साधं, एका तारेचं रूप वापरलं तर एका कामाला रांगेसकट लागणारा वेळ असा येतो:

डिस्क ५० टक्के व्यस्त: २० मिलिसेकंद
८० टक्के: ५० मिलिसेकंद
९० टक्के: १०० मिलिसेकंद
९५ टक्के: २०० मिलिसेकंद
९९ टक्के: १००० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण १ सेकंद

नीट बघा. ८० वरून ९५ टक्क्यांवर जाताना काम पाचव्या हिश्श्यानेही वाढलं नाही, पण थांबण्याचा वेळ चौपट झाला. आणि एक फोल्डर उघडताना डिस्ककडे एकच काम जात नाही, अनेक जातात. म्हणून शेवटचे ५ टक्के शिल्लक दिसत असले तरी ते तुमच्या उपयोगाचे नसतात. डिस्क खराब असेलच असं नाही. रांग लांबली आहे, एवढंच कारण असू शकतं.

मॅनहोलमध्ये उतरणारा गणिती

एर्लांग फक्त कागदावर आकडे मांडत बसणारा नव्हता. सुरुवातीला प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली माणसं नव्हती, त्यामुळे मोजमापं स्वतःच घ्यावी लागायची. शिडी घेतलेला एक कामगार सोबत घेऊन तो कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरायचा आणि केबलमधले विद्युतप्रवाह मोजायला मॅनहोलमध्ये उतरायचा. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. सूत्र कितीही सुंदर असलं तरी त्यात घालायचा आकडा कुणीतरी खाली उतरून मोजावाच लागतो.

त्याने लग्न केलं नाही. पगारातला बराच पैसा पुस्तकांवर जायचा. गणित, खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राची मोठी लायब्ररी त्याने घरी जमवली होती. गरजू लोकांना तो गाजावाजा न करता मदत करायचा. कंपनीत जवळजवळ २० वर्षं काढली आणि त्या काळात आजारपणामुळे कामावर आला नाही असं जवळपास घडलंच नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी तो हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. ३ फेब्रुवारी १९२९ ला त्याचं निधन झालं. वय फक्त ५१.

नाव मागे राहिलं

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने ट्रॅफिक मोजण्याच्या एककाला त्याचं नाव दिलं. एक तार पूर्ण तासभर गुंतलेली असेल तर तो १ एर्लांग. म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये डिस्क ९० टक्के दिसते तेव्हा एका अर्थी तुम्ही ०.९ एर्लांगच बघत असता.

१९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रामिंग भाषा तयार होऊ लागली. तिचं नावही एर्लांग ठेवलं. एकाच वेळी लाखो छोटी कामं सांभाळणं ही तिची खासियत. व्हॉट्सअॅपने आपले सर्व्हर याच भाषेत उभे केले. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअॅप विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते. तुमचा गुड मॉर्निंग मेसेज असाच पोहोचत आलाय!

त्याच्या पहिल्या सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते. १०० पैकी फक्त १ कॉल वाया गेला तर चालेल असं ठरवलं, तर १० तारांवर साधारण साडेचार एर्लांग ट्रॅफिक घेता येतो. १०० तारा एकत्र असतील तर ८४! तारा दहापट, काम जवळपास १९ पट. सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही, म्हणून साधनं एकत्र ठेवली की ती जास्त चांगली वापरली जातात. क्लाउडची मोठी डेटा सेंटर परवडतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पण हे गणित एका अटीवर उभं आहे: लोक आपापल्या मनाने, वेगवेगळ्या वेळी यायला हवेत. दहावीच्या निकालाला सगळे ठरलेल्या वेळी एकदमच साइट उघडतात. तिथे ही अटच मोडते, म्हणून एरवीच्या सरासरीवर तयारी केलेली साइट त्या दिवशी झोपते.

मग आपण काय बघायचं?

१. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्क निवडा. अॅक्टिव्ह टाइमच्या टक्क्याशेजारी अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम असतो, तो बघा. टक्का जास्त पण रिस्पॉन्स काही मिलिसेकंदच असेल तर काळजी नको. तो शेकड्यांत गेला असेल तर रांग लागली आहे.

२. रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्क टॅब उघडा. तिथे रांगेची लांबीही दिसते आणि कोणता प्रोग्राम सगळ्यात जास्त लिहितोय हेही कळतं. आधी तो बंद करून बघा, नव्या लॅपटॉपचा विचार नंतर.

३. एसएसडी, खास करून एनव्हीएमई, अनेक कामं एकाच वेळी करते. म्हणजे एक तार नाही, खूप तारा. त्यामुळे तिथे १०० टक्के दिसलं तरी ती भरलीच असं नसतं. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की तो नव्यासारखा वाटतो, त्याचं कारण हेच: एकेक काम लवकर होतं आणि रांगच लागत नाही.

४. स्पीड टेस्ट करताना सगळ्यात मोठा आकडा बघून खूश होऊ नका. क्रिस्टलडिस्कमार्कसारख्या टूलमध्ये क्यू म्हणजे एका वेळी रांगेत ठेवलेली कामं. रोजच्या वापराचा अंदाज हवा असेल तर ४के रँडम, क्यू १ ही ओळ बघा. हा आकडा सगळ्यात छोटा दिसतो, पण रोजच्या वापराच्या सगळ्यात जवळचा असतो.

५. फोनचं स्टोरेज काठोकाठ भरू नका. हा प्रश्न थोडा वेगळा आहे, जागेचा आहे, पण शेवटी तिथेही रांगच लागते. फ्लॅश मेमरीत नवीन लिहिण्याआधी जुना ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक उरले नाहीत तर प्रत्येक लिहिण्याला आधी पुसण्याची वाट बघावी लागते. नको असलेले व्हिडिओ आजच काढा.

दुकानात नवा फोन सुसाट चालतो, कारण तो रिकामा असतो आणि एका वेळी एकच अॅप उघडलेलं असतं. तिथे रांगच नसते. सहा महिन्यांनी तोच फोन अडखळू लागला तर लगेच बदलायला धावू नका. थोडी जागा आणि थोडी क्षमता रिकामी ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीला एका मास्तराने शंभर वर्षांपूर्वी हेच हिशोब मांडून दाखवलं होतं. आधी रांग मोजा, मग पाकीट उघडा.