शनिवारवाड्यातील हाक : श्रीमंत नारायणराव पेशवे

जयपूरच्या तिलक नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील तरुण मंडळींना अलीकडे एक नवा छंद जडला आहे. सुट्टी आली की चार मित्र जमवावेत, मोटार काढावी आणि अलवर जिल्ह्यातील भानगढचा ओसाड किल्ला गाठावा. हेतू एकच, भूत पाहणे! सोळाव्या शतकात वसलेल्या या नगरीच्या प्रवेशद्वारापाशी सूर्यास्तानंतर आत जाण्यास मनाई करणारा पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. संरक्षित वास्तू सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुल्या ठेवाव्यात हा सर्वसाधारण नियम. परंतु भानगढच्या फलकाला लोकांनी भुताच्या अस्तित्वाचे सरकारी प्रमाणपत्रच मानले आहे.

हा छंद आपल्याकडेच आहे असे नाही. लंडनमध्ये भुतांचा शोध घेणारी मंडळी 1862 साली स्थापन झाली, आणि 1882 साली अशा अनुभवांची शास्त्रीय छाननी करण्यासाठी तेथेच दुसरी संस्था निघाली. आता तापमापक, ध्वनिमुद्रक, विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र मोजणारी यंत्रे घेऊन हौशी लोक पडक्या वाड्यांत रात्र जागवतात. त्याचे आकर्षण आम्हांस समजते. मित्रांची सोबत, बेताबेताने चाखलेली भीती, आणि ज्या जागी पूर्वी काही भयंकर घडले त्या जागी आपण उभे आहोत ही थरारक जाणीव, या तिन्ही गोष्टी एका रात्रीत पदरी पडतात. यांतील तिसरी गोष्ट तर इतिहासप्रेमाचीच पहिली पायरी आहे. आमचे म्हणणे एवढेच की त्या पायरीवरच थांबू नये.

आपल्या महाराष्ट्रातही असे एक ठिकाण आहे. पौर्णिमेच्या रात्री पुण्याच्या शनिवारवाड्यातून एका कोवळ्या जिवाने चुलत्याला मारलेली हाक ऐकू येते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दूरदेशी वाढलेल्या आपल्या मुलांना नारायणराव पेशव्यांची ओळख होते ती बहुधा एवढ्याच हाकेपुरती. ज्या पुरुषाचे भूत शोधावयाचे, तो पुरुष कोण होता, हे मात्र कोणी शोधीत नाही. म्हणून त्यांचे अल्प चरित्र येथे देत आहोत.

नारायणरावांचा जन्म 10 ऑगस्ट 1755 रोजी झाला. नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते धाकटे चिरंजीव. ते पुरते सहा वर्षांचेही नव्हते तोच, 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर थोरले बंधू विश्वासराव पडले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पुत्रशोकाने खचलेल्या नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. मधले बंधू माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. त्यांनी राज्य सावरले, परंतु घर सावरणे त्यांनाही कठीण गेले. चुलते रघुनाथराव यांना सत्तेची आस होती. 1768 साली धोडप येथे पुतण्याने चुलत्याचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेविले. ज्या घरात नारायणराव लहानाचे मोठे झाले, त्या घरातच असा एक कोंडलेला चुलता होता.

18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे माधवराव क्षयाने निवर्तले. अखेरच्या दिवसांत त्यांनी चुलत्या-पुतण्यांत सलोखा घडवून धाकट्या भावाला रघुनाथरावांच्या हवाली केले होते. डिसेंबरात साताऱ्यास पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा नारायणरावांचे वय सतरा वर्षांचे होते. ते उतावळे होते, तापट होते, वडीलधाऱ्या मुत्सद्द्यांचा मान राखण्याइतका पोक्तपणा त्यांच्यापाशी नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. ते खरेही असेल. परंतु सतराव्या वर्षी पोक्तपणा कितीजणांपाशी असतो? माधवरावांचा अपवाद डोळ्यांसमोर असल्यामुळे लोकांनी धाकट्याला त्याच मापाने मोजले, हे त्यांचे दुर्दैव. सलोखा फार काळ टिकला नाही. 1773 च्या उन्हाळ्यात रघुनाथराव वाड्यात पुन्हा नजरकैदेत पडले.

वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी शिपाई होते. त्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग गारदी हा त्यांतील एक प्रमुख. रघुनाथरावांच्या पक्षाने या असंतोषाचा लाभ घेतला, आणि पुतण्याला धरून चुलत्याला मोकळे करण्याचा बेत ठरला. कटाची कुणकुण पेशव्यांपर्यंत पोहोचली होती, बंदोबस्ताची आज्ञाही झाली होती. पण ती वेळेवर अंमलात आली नाही. ज्यांनी सरकारी कामकाज जवळून पाहिले आहे, त्यांना थकलेला पगार आणि उद्यावर टाकलेला बंदोबस्त या दोन गोष्टींचे भय कोणत्याही पिशाच्चापेक्षा अधिक वाटेल.

शके 1695, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार, म्हणजे 30 ऑगस्ट 1773. गणेशोत्सवाचे दिवस होते. दुपारच्या वेळी गारदी पगाराचा आरडाओरडा करीत वाड्यात घुसले. नारायणराव जीव घेऊन दालनादालनांतून धावले आणि शेवटी चुलत्याच्या कमरेला मिठी मारून त्यांनी अभय मागितले. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पडला; गारद्यांनी दोघांनाही तोडले. इतरही काही माणसे त्या कापाकापीत बळी पडली. पेशव्यांना अठरा वर्षे पुरी होऊन अवघे वीस दिवस झाले होते.

येथे भूतशोधकांनी क्षणभर थांबावे. ती हाक उठली ती पौर्णिमेच्या रात्री नव्हे, मध्यरात्रीही नव्हे. ती उठली भरदिवसा, भरवस्तीत, सणाच्या गजबजाटात. आणि ज्या दालनांत ती उठली ती दालने आज उरलेलीच नाहीत. 1828 च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. रात्री तटापाशी कान देऊन बसणाऱ्याला वारा, वाहनांचे आवाज, पाखरांची फडफड ऐकू येते. आणि जे ऐकावयाचे असे मनाने आधीच ठरविलेले असते, तेच शब्द अस्पष्ट आवाजांतून कान जुळवून घेतो. हा मनुष्यस्वभाव आहे, त्यात लबाडी नाही.

त्या हाकेचा खरा शोध घेतला तो निराळ्याच माणसाने. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली. ज्याच्या हाती आता राज्य आले होते, तोच आरोपी होता. तरीही शास्त्रीबुवांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले, ते त्यांना तोंडावर सांगितले, आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. रात्री रिकाम्या वाड्यात बसण्यास धैर्य लागते खरे. पण त्याच वाड्यात दिवसाढवळ्या धन्यापुढे उभे राहून त्याला खुनी म्हणण्यास लागते ते धैर्य मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

आनंदीबाईंनी पत्रातील एक अक्षर बदलून धरण्याचे मारणे केले, ही कथा तर धचा मा करणे या वाक्प्रचाराने आपल्या भाषेतच जाऊन बसली आहे. त्या अक्षराविषयी इतिहासकारांत एकमत नाही. भुताची गोष्ट आणि एका बाईचे कपट एवढ्यात सारा प्रसंग आटोपला, की थकलेला पगार, ढिला पहारा आणि सत्तेसाठी फुटलेले घर यांचा विचार करण्याचे कारणच उरत नाही!

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी बारभाईंची फळी उभारून त्यांना पुरंदरावर सुरक्षित ठेविले. 18 एप्रिल 1774 रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकाच्या नावे पेशवाई चालू झाली. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. 1775 चा सुरतेचा तह आणि त्यातून उद्‌भवलेले युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. एका घरातील वैराने परक्याला उंबरठ्याच्या आत घेतले, ते असे. सवाई माधवरावही 1795 साली त्याच वाड्यात उंचावरून पडून अवघ्या एकविसाव्या वर्षी गेले.

आमच्या तरुणांनी भानगढला अवश्य जावे. सूर्यास्तापूर्वी परतावे, एवढीच विनंती. पुढे कधी पुण्यास जाणे झाले तर शनिवारवाडाही पाहावा, पण भर दुपारी पाहावा. दिल्ली दरवाजातून आत शिरून त्या उघड्या जोत्यांवरून चालावे. आईबापांनी तेथे मुलांना भुताची गोष्ट सांगितली तरी हरकत नाही. मात्र तिच्या जोडीने चाफाजी टिळेकर आणि रामशास्त्री ही दोन नावेही सांगावीत. एकाने हाकेला धावून जाऊन प्राण दिला, दुसऱ्याने हाक विरल्यानंतरही तिचा न्याय मागितला. अठरा वर्षांच्या त्या मुलाची आठवण ठेवावयाची, तर ती या दोघांसह ठेवावी.