फसलेल्या प्रयोगातून जन्मलेले शास्त्र : मात्यू ऑर्फिला

विद्यार्थी मित्रहो, एखाद्याचा मृत्यू संशयास्पद वाटला की व्हिसेरा तपासणीसाठी पाठविल्याची बातमी तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. तपासणीचा अहवाल येतो आणि त्यावर कधी कोणी तुरुंगात जातो, तर कधी कोणी निर्दोष सुटतो. रसायनशास्त्राला न्यायालयात असे मानाचे स्थान मिळवून देण्यात ज्यांचा वाटा फार मोठा आहे, त्या मात्यू ऑर्फिला यांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

ऑर्फिला यांचा जन्म 24 एप्रिल 1787 रोजी भूमध्य समुद्रातील मिनोर्का या स्पेनच्या बेटावर, माओन या बंदराच्या गावी झाला. वडील व्यापारी होते. मुलाने समुद्रावर जावे अशी त्यांची इच्छा होती आणि त्याप्रमाणे किशोरवयातच मुलगा जहाजावर गेलाही. पण त्याचे मन तेथे रमले नाही. त्याला शिकायचे होते. वडिलांनी अखेर मुलाचा कल ओळखला आणि त्याला वैद्यकाच्या अभ्यासासाठी आधी व्हॅलेन्सियाला व नंतर बार्सिलोनाला जाऊ दिले. पालकहो, वडिलांनी आपलाच हट्ट चालविला असता तर जगाला एक खलाशी मिळाला असता, शास्त्रज्ञ मिळाला नसता.

मुलाची हुशारी पाहून बार्सिलोनाच्या व्यापारी मंडळाने त्याला शिष्यवृत्ती दिली. पॅरिसला जाऊन रसायनशास्त्र शिकावे आणि परत येऊन ते बार्सिलोनात शिकवावे, अशी योजना होती. 1807 साली ऑर्फिला पॅरिसला पोहोचले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स व स्पेन यांच्यात युद्ध पेटले. शिष्यवृत्ती बंद झाली. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना अटकही झाली. तेव्हा प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ वोक्लां हे त्यांच्या पाठीशी उभे राहिले व त्यांनी आपल्या विद्यार्थ्याची सुटका करविली. मार्सेलच्या चुलत्यांनी पैशांची मदत केली. अशा परिस्थितीत 1811 साली ऑर्फिला वैद्यकाचे डॉक्टर झाले आणि उपजीविकेसाठी रसायनशास्त्राचे खाजगी वर्ग घेऊ लागले.

त्या काळी सोमल हे खुन्यांचे आवडते विष होते. पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळणारा सोमल अन्नात मिसळला तर चवीवरून कळत नसे. तो पोटात गेलेल्या माणसाला उलट्या व जुलाब होत, त्यामुळे मृत्यू पटकीने झाला असेच लोक समजत. पाण्यात विरघळलेला सोमल ओळखण्याच्या परीक्षा पुस्तकांत दिलेल्या होत्या आणि त्यावर सर्वांचा विश्वास होता.

1813 साली एके दिवशी ऑर्फिला हीच परीक्षा वर्गाला दाखवीत होते. सोमल कॉफीत मिसळला तरी साका नेहमीसारखाच मिळेल, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. प्रत्यक्षात साका वेगळ्याच रंगाचा आला. भर वर्गात शिक्षक खोटा पडला! दुसरा कोणी असता तर कॉफीला किंवा काचपात्राला दोष देऊन मोकळा झाला असता. ऑर्फिला यांनी मात्र तीच परीक्षा दारू, दूध, रस्सा अशा अनेक पदार्थांत वेगवेगळी विषे मिसळून केली. निकाल पुन्हा पुन्हा पुस्तकाशी जुळेना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की शुद्ध पाण्यातील परीक्षा अन्नात व शरीरात लागू पडत नाही, आणि अशाच परीक्षांच्या भरवशावर माणसांना शिक्षा होत आहेत. मग त्यांनी विषांचा नव्याने अभ्यास केला, प्राण्यांवर असंख्य प्रयोग केले आणि 1814 पासून विषांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. विष केवळ पोटात राहत नाही, रक्तावाटे यकृतासारख्या अवयवांतही पोहोचते, हेही त्यांनी पुढे दाखवून दिले. 1819 मध्ये ते पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत न्यायवैद्यकाचे प्राध्यापक झाले, तर 1831 मध्ये त्याच विद्याशाखेचे प्रमुख.

1836 मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने नवी परीक्षा प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त व गंधकाम्ल घालायचे. त्यात सोमल असेल तर एक विषारी वायू निघतो. तो पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरली की तिच्यावर काळसर चकचकीत डाग पडतो. परीक्षा अत्यंत सूक्ष्म, पण धोका असा की जस्तातच किंवा आम्लातच सोमल असला तरी डाग पडणारच.

1840 साली फ्रान्समधील त्यूल येथे मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर पतीला सोमल दिल्याचा खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. शेवटी ऑर्फिला यांना पॅरिसहून बोलाविण्यात आले. त्यांनी मृताच्या अवयवांत सोमल असल्याचे दाखविले. तो आपल्या रसायनांतून किंवा कबरीच्या मातीतून आलेला नाही, हेही त्यांनी सांगितले. मारीला जन्मठेप झाली. सापडलेला सोमल अत्यल्प होता, असा आक्षेप रास्पाय या शास्त्रज्ञाने घेतला व वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

ऑर्फिलाही चुकले. माणसाच्या हाडांत निसर्गतःच सोमल असतो, असे त्यांनी 1839 च्या सुमारास मांडले होते. पुढील तपासण्यांत ते टिकले नाही आणि त्यांना तो दावा सोडावा लागला. 1848 च्या क्रांतीनंतर त्यांचे प्रमुखपद गेले. 12 मार्च 1853 रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रहो, प्रयोगवहीत शेजाऱ्याचा आकडा उतरविणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की त्यांना भीती वाटते. पण न जुळलेला आकडा खोडू नका. तो शिक्षकांना दाखवा, प्रयोग पुन्हा करा. ज्या शास्त्राच्या अहवालावर माणसाचे आयुष्य टांगलेले असते, त्यात खोटा आकडा हेही एक विषच आहे.

आज महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्थांत न्यायसहायक विज्ञानाचे पदवी शिक्षण घेता येते. पालकांनी आपल्या मुलांना, आणि विशेषतः मुलींना, या वाटेची माहिती अवश्य द्यावी. बारावीला विज्ञान शाखा, रसायनशास्त्राची गोडी आणि जे दिसले तेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा एवढी शिदोरी घेऊन निघालात तरी सुरुवातीला पुरेशी आहे.