'सुमो'च्या नावातला माणूस

मोटारगाडी हा आम्हा तरुणांचा जिव्हाळ्याचा विषय. त्यातून पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्यांना तर तो शिकवावाच लागत नाही! कोणती गाडी किती वेगाने पळते, घाट चढताना कोणते इंजिन दम टाकते, यावर आमच्यात तासन् तास वाद रंगतात. अशा वादात 'सुमो'चे नाव निघाले की सर्वांना जपानी पैलवान आठवतो. परंतु ते नाव पैलवानाचे नव्हे. कै. सुमंत मूळगावकर या थोर अभियंत्याच्या नावाआडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन ते तयार झाले आहे.

मूळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. प्रथम सिमेंट उद्योगात त्यांनी नाव कमावले आणि १९४९ मध्ये ते 'टेल्को'त आले. 'टेल्को' तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची इंजिने बांधण्याच्या कामात होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि तेथे मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्यांच्या तोंडावर बेन्झची तीन टोकांची चांदणी असे. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचे 'टी' हे अक्षर आले.

अक्षर बदलणे सोपे, पण त्यामागची विद्या कोठून आणायची? मूळगावकरांनी याचे उत्तर कराराची मुदत संपण्यापूर्वीच शोधायला घेतले होते. साठीच्या दशकाच्या मध्यास त्यांनी पुण्याजवळ, आपल्या पिंपरी-चिंचवडच्या माळावर, नव्या कारखान्याची उभारणी आरंभिली. मात्र तेथे त्यांनी मालमोटार बांधण्याची घाई केली नाही. आधी मुलांना हाताचे काम शिकवले, यंत्रे व साचे बनवणारे विभाग उभे केले. उजाड जमिनीवर झाडे लावली, तळे केले. पुण्याची पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ मध्ये! दहा वर्षे नुसती तयारी म्हणजे पैशांची नासाडी, असे कोणासही वाटले असते. पण गाडी बनवण्याआधी गाडी बनवणारा माणूस घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. दुपारच्या जेवणाला साहेब रोज कोठे जातात, याचे सहकाऱ्यांना कुतूहल होते. मोठ्या हॉटेलात जात असतील, असा त्यांचा तर्क. प्रत्यक्षात साहेब हमरस्त्यावरील ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीत बसून गाडीत काय खुपते ते विचारीत असत! यातील खरे किती, कोण जाणे; पण ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केले त्यांना ती गोष्ट त्यांना शोभणारी वाटली, म्हणूनच ती टिकली असावी.

पुढे जपानी कंपन्यांच्या सहकार्याने बनलेल्या हलक्या मालमोटारी भारतात आल्या. त्यांच्याशी टक्कर देण्यास १९८६ मध्ये येथेच आखलेली '४०७' रस्त्यावर उतरली आणि टिकली. १९८८ मध्ये मूळगावकरांनी अध्यक्षपदाची सूत्रे रतन टाटांकडे दिली. १ जुलै १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. १९९४ मध्ये आलेली 'सुमो' त्यांनी पाहिली नाही. २०१९ मध्ये तिचेही उत्पादन थांबले.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रातले मला फारसे कळत नाही. तरी वाटते, की आम्ही गाडीचा वेग मोजतो, रंग पाहतो, आणि दिवसाचे बारा-बारा तास चाक धरणाऱ्या माणसाला मात्र काही विचारीत नाही. मोटारीचे खरे परीक्षण त्याच्याजवळ असते. मूळगावकर एवढे मोठे अभियंते, तरी त्यांच्याविषयी लोकांनी जपलेली गोष्ट आहे ती त्यांनी ड्रायव्हरला विचारलेल्या प्रश्नांची. प्रश्न विचारायला आणि उत्तर नीट ऐकायला तर कोणत्याच शाखेची अट नाही!